तडकलेलं डाळिंब

दुपारी दोनच्या उन्हात फळवाला गाडीवर ओलं गोणपाट टाकून पेंगत होता. वर भगव्या डाळिंबांचा मनोरा, एकेक फळ पुसून लखलखीत केलेलं. माझं लक्ष मात्र गाडीखालच्या पाटीकडे. तिथे पाच-सहा फळं बाजूला टाकलेली, पोट फुटलेली, आतले दाणे बाहेर डोकावणारे. मी वाकून त्यातली दोन उचलली.

"ताई, ती नका घेऊ. ती गाईला आहेत."

"मला तीच पाहिजेत," म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मला उगाच पर्स नीट करावीशी वाटली. वीस रुपयांत दोन दिली. देतानाही "वरची घ्या की, पाच-दहा कमी करतो" म्हणालाच.

त्याला काय सांगणार, की मी डाळिंब खायला शिकले तेच मुळी तडकलेलं?

माझं आजोळ सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याकडचं. १९९० साली रोजगार हमीतून फळबागांची योजना आली, त्यानंतर मामाने माळावर डाळिंब लावलं. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत जायचो तेव्हा फळं भरत आलेली असत. पण झाडाला हात लावायची टाप नव्हती. चांगलं फळ पेटीत, डागी फळ दुसऱ्या पेटीत, आणि तडकलेलं तेवढं घरात, असा कायदा. मामा स्वतः बागेत फिरून तडकलेली फळं टॉवेलात बांधून आणायचा आणि काही न बोलता ओसरीवर सोडायचा. आम्ही पाच भावंडं तुटून पडायचो.

आणि तडकलेल्या फळाला सोलायचं कसलं! भेगेत दोन अंगठे घालायचे नि उलटं दाबायचं. करकन आवाज येतो, पिवळट पापुद्र्याचे कप्पे सुटे होतात. आता लोक देठाकडून टोपी कापतात, शिरा बघून चिरा पाडतात, पाण्यात बुडवून दाणे काढतात, नाहीतर पालथं धरून चमच्याने बडवतात. बडवायचा प्रकार मी एकदा केला. अजून फ्रिजच्या मागच्या भिंतीवर ठिपके आहेत. विळी तर मामी लावूच द्यायची नाही. जुन्या लोखंडी विळीवर डाळिंब कापलं की पातं काळं, बोटं काळी, आणि तो काळेपणा दोन दिवस जात नाही. शाळेत बाई विचारायच्या, हात धुतले नाहीस का?

परतीचा पाऊस जोरात झाला, की दुसऱ्या दिवशी टॉवेलाऐवजी घमेलं भरून डाळिंबं यायची. पाण्याच्या ताणात असलेल्या झाडाला एकदम पाणी मिळालं, की आतले दाणे फुगतात, साल तेवढी ताणत नाही, आणि फळ फुटतं. हे आता कळतं. तेव्हा एवढंच कळायचं, की पाऊस पडला की आपली चंगळ. रात्री पत्र्यावर सरी वाजायला लागल्या की आम्ही गोधडीत एकमेकांना ढोसायचो. ओसरीवर मामाची विडी पेटलेली दिसायची. तो का झोपत नाही, हे आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही.

घमेलंभर फळं आली की मामी कोशिंबीर करायची. डाळिंबाचे दाणे, घट्ट दही, मीठ, साखर किंचित, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि वरून तुपात जिरं-हिरवी मिरचीची फोडणी. ती चुर्र आवाज करत पडली की झाकण. दाण्याचं कूट घालायचं नाही, हा तिचा आग्रह. कुटाने दही जड होतं आणि दात आधी शेंगदाण्यावर पडतो. भाकरीबरोबर आम्ही ती वाटीवाटीने संपवायचो. उरलेल्या दाण्यांचा रस. तो धुवट पंच्यात बांधून हाताने पिळायचा. हल्ली मी मिक्सर फिरवते तेव्हा जरा जास्त फिरला की बिया ठेचल्या जातात आणि रस तुरट होतो. पंचा पिळायला मनगट लागतं, ते मामीपाशीच राहिलं. साली पत्र्यावर वाळायच्या, थंडीत खोकला आला की त्यांची पूड मधातून चाटवायला. ती चव आठवली तरी अजून खोकला बरा होतो.

लग्न होऊन पुण्यात आले तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "डाळिंब्या सोलायला घेतेस का?" मला भरून आलं. इतक्या घरात आपल्याला नेमकं आपल्या हातचं काम मिळालं! पेपर पसरून मांडी घालून बसले. त्या आल्या आणि समोर कोमट पाण्यातलं मोड आलेल्या वालाचं पातेलं ठेवून गेल्या. मी पंधरा मिनिटं डाळिंबांची वाट बघत होते. शेवटी त्याच म्हणाल्या, "अगं, थंड होतील ते, मग सालं निघायची नाहीत." आमच्याकडे वाल असा सोलून, नारळ-गूळ घालून कोणी खात नाही, मला कुठून माहीत? नवरा अजून पाहुण्यांना ही गोष्ट सांगतो आणि दरवेळी मिनिटं वाढवतो. मागच्या वेळी पाऊण तासावर गेला होता.

डाळिंब्यांची उसळ मला आता त्यांच्याइतकीच जमते. दहीभात मात्र मी माझाच करते. भात मऊ, बोटाने मोडणारा, गार झाल्यावर दूध घालून कालवलेला, दही त्यात दोनच चमचे, नाहीतर संध्याकाळपर्यंत आंबतो. मोहरी, हिंग, उडीद डाळ, कढीपत्ता, एक सांडगी मिरची चुरडून. आणि दाणे वाढताना वरून. कालवायचे नाहीत म्हणजे नाहीत. कालवले की भात गुलाबी होतो आणि लहान मुलीच्या वाढदिवसाचा केक खाल्ल्यासारखं वाटतं.

लहानपणी हा प्रश्न नव्हता. मामाची बाग 'गणेश' वाणाची. दाणा फिकट गुलाबी, बी मऊ, दह्यात रंग सोडायचा नाही. हा वाण फळशास्त्रज्ञ डॉ. चीमांनी १९३६ साली पुण्यातच, गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रात आळंदी वाणातून निवडला. ज्या रस्त्यावर मी रोज सिग्नलला वीस मिनिटं घालवते, तिथून निघून तो सांगोल्याच्या माळावर गेला होता आणि मी उलटी इकडे आले. पुढे 'भगवा' आला. साल केशरी, दाणा रक्तासारखा लाल, साल जाड म्हणून लांबच्या प्रवासाला टिकणारा. मामानेही भगवा लावला. दोन वर्षं घर बांधण्याइतके पैसे झाले, तिसऱ्या वर्षी तेल्या आला. फळावर तेलकट काळे डाग, मग त्या डागांवरच चिरा. तडकलेलीच फळं ती, पण घरात आणली नाहीत. नंतर मर रोग, खोडाला भुंगेरे. २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी हौसेने मामाला फोन केला. "मिळालं व्हय? बरं झालं," म्हणाला. "आपली बाग काढली की गं मागल्या महिन्यात. जेसीबी लावला. आता मका हाय."

पुढे काय बोलायचं ते मला सुचलं नाही. त्यानेच विचारलं, पुण्यात पाऊस आहे का?

तर आजची ती दोन डाळिंबं. एक अंगठ्यांनी उघडलं तर छान निघालं. दुसऱ्याचा अर्धा भाग तपकिरी, आंबूस वासाचा, मुंगीही एक. फळवाला अगदीच खोटं बोलत नव्हता. चांगले दाणे वाटीभर झाले, दहीभातावर पसरले, उभ्यानेच ओट्यापाशी खाल्ला. सालं आणि खराब दाणे गाईसाठी म्हणून वेगळ्या पिशवीत बांधले. मग आठवलं, आमच्या सोसायटीत गाय कुठली? पिशवी ओल्या कचऱ्यात गेली.