शेवटी एकदाची पडली मलेनिया
तीन रविवार गेले भिया. एल्डन रिंग या व्हिडिओ गेममधली ही बॉस बाई, हिचा वार ढालीवर घेतला तरी हिचीच हेल्थ भरते, म्हणून आज ढाल दिली ठेवून आणि म्हटलं आपणपण मारूनच जगू. रायकार्ड या दुसऱ्या बॉसला मारून मिळणाऱ्या रिमेंब्रन्सच्या बदल्यात येणारी ब्लास्फेमस ब्लेड ही तलवार घेतली, तिच्या ज्वाळा बॉसला लागल्या की आपली हेल्थ परत येते पण एफपी, म्हणजे खास वारांसाठीची ताकद, खाते ना, मग बाटल्या सगळ्या एफपी भरणाऱ्या निळ्या, हेल्थ भरणारी लाल एकपण नाही! तिचा वॉटरफाउल डान्स, म्हणजे सलग वारांचा हल्ला, सुरू झाला की नुसतं पळायचं, तिथे शहाणपणा नको. आई पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत विचारतेय, सकाळी सकाळी कोणाला मारतोयस रे? मलेनिया पडली तेव्हा माझी हेल्थ बोटभर, निळी बाटली शून्य, पोहे गार. राजवाड्याकडून कोणी येत असेल तर जिलबी आणा.