साप काचेवर नाक का घासतो

पाळलेला साप पेटीच्या काचेवर चढून नाक घासायला लागला की पाळणाऱ्याला दोनच गोष्टी सुचतात, एक तर त्याला माझ्याकडं यायचंय नाहीतर तो माझ्यावर चिडलाय. माझा भाचा ओहायोत नोकरीला आहे, त्याच्याकडं कॉर्न स्नेक आहे, बिनविषारी साप, तिकडं सर्रास पाळतात. त्याचाही व्हिडिओ कॉलवर हाच प्रश्न, "मामा, सारखं काच चढायलाय बघा, काय पाहिजे असंल ह्याला?" मी परभणीतून त्याला आधी एवढंच विचारलं की पेटीत लपायला जागा किती? एकच होती, ती पण गरम कोपऱ्यात.

सगळं तिथंच आहे. मी इकडं साप पकडून सोडायचं काम करतो, सोयाबीन काढणीच्या दिवसात बनमीखाली म्हणजे कापलेल्या पिकाच्या ढिगाखाली, आखाड्यावर, जुन्या माळवदाच्या घरात धामणी निघतातच. तीच धामण पारदर्शक बरणीत टाकली की डोकं आपटून आपटून नाक सोलून घेते आणि कापडी पिशवीत घातली की थोड्या वेळात गप पडून राहते. फरक फक्त अंधाराचा. सापाला काच कळतच नाही, पलीकडचं दिसतंय म्हणजे तिकडून वाट आहे असं धरून तो नाक लावत राहतो, त्यात चारी बाजूंनी उघडं पडल्याची भीती.

म्हणून भाच्याला म्हणलं, तीन बाजूंच्या काचेला बाहेरून काळा कागद लाव आणि लपायला दोन जागा कर, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, अंग भिंतीला टेकेल इतक्याच लहान. साप अंगात स्वतःची ऊब फारशी तयार करत नाही, जागा बदलूनच अंग गरम नाहीतर गार करतो, त्यामुळं एकच लपण असलं की त्याला लपायचं का गार व्हायचं यातलं एकच काहीतरी मिळतं. गरम बाजूला २९ ते ३१ अंश, थंड बाजूला २२ ते २४, आणि हीटिंग मॅटला, म्हणजे पेटी गरम ठेवणाऱ्या विजेच्या चटईला, गरमी आपोआप आवरणारा थर्मोस्टॅट पाहिजे म्हणजे पाहिजेच. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४३ च्या वर जातो तेव्हा भर दुपारी साप नजरेला पडत नाही, बिळात गारव्याला बसतो. पेटीत बीळ कुठलं, मग तो काचच चढणार ना.

तसं दिवेलागणीला कॉर्न स्नेकनं पेटीत चकरा मारणं, सावकाश जीभ काढत वास घेत फिरणं नॉर्मल आहे. भूक असली तरी फिरतो, आणि मोठा नर असंल तर वसंतात मादीच्या शोधात खाणंसुद्धा सोडतो. पण नाकावरचा खवला लाल झाला, सोलला, तर मांडणीत कायतरी चुकायलंय.

डोळे दुधाळ निळसर दिसले की लोक घाबरतात. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, कात टाकायच्या आधी जुन्या नव्या थराच्या मधे द्रव साठतो म्हणून डोळा धुरकट होतो. त्या दिवसात त्याला नीट दिसत नाही, हात घातला की मान आखडून शेपूट थरथरवतो, तर तेव्हा हात लावू नये, खायला पण देऊ नये. मग डोळे परत स्वच्छ होतात आणि काही दिवसांनी कात निघते. ती उजेडात धरून बघा, डोळ्यांच्या जागी दोन गोल टिकल्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर त्या डोळ्यावरच राहिल्यात. ओहायोत हिवाळ्यात घरातल्या हीटरनं हवा कोरडी पडते आणि कात तुकड्यातुकड्यानं निघते, त्याला ओलं मॉस म्हणजे शेवाळ भरलेला एक डबा ठेवला की भागतं.

काचेवर टकटक मात्र करू नका हो, सापाला बाहेरचे कान नसले तरी ती थरथर जबड्यातून थेट आत पोचते.

इकडच्या पोरांसाठी, आपल्याकडची धामण काय न् नाग काय, घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

आणि साप पाण्याच्या भांड्यात दिवसभर पडून असंल तर आधी गरमी बघा, मग पाण्यात बारीक काळे ठिपके दिसतात का बघा, ते अंगावरचे माइट्स म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे असतात. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असंल, शिट्टीसारखा आवाज येत असंल, नाकातोंडाशी बुडबुडे दिसत असतील तर ते फुप्फुसाचं दुखणं असू शकतं, तेव्हा घरगुती उपाय करत बसू नका, सापांचं कळणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडं त्याच दिवशी घेऊन जा.