घरच्या घरी चरबीचे मोजमाप: वीस आठवड्यांच्या नोंदी

वीस आठवड्यांपूर्वी एका सकाळी मी स्वतःच्या शरीरातील चरबीचे प्रमाण तीन पद्धतींनी मोजले आणि मला तीन निराळी उत्तरे मिळाली. पायांतून सूक्ष्म वीजप्रवाह सोडणाऱ्या वजनकाट्याने २५.८ टक्के दाखवले, मोजपट्टीच्या सूत्राने २२.६ टक्के, तर त्वचेच्या घड्यांची जाडी मोजणाऱ्या चिमट्यासारख्या कॅलिपरने १९.२ टक्के. शरीर तेच, सकाळही तीच, आणि तरी सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यांत साडेसहा टक्क्यांहून अधिक अंतर. यांपैकी खरा आकडा कोणता, हा प्रश्न तेव्हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला होता. आता तो तसा वाटत नाही. तो का वाटेनासा झाला, हे याच छंदातील मंडळींना नोंदींसह सांगावे, म्हणून हे लिहीत आहे.

आरंभीची स्थिती अशी: वय ४१, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ७८.४ किलो, बेंबीच्या पातळीवर कंबर ९२ सेंटिमीटर, मान ३८ सेंटिमीटर. बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २६.५. हे गुणोत्तर एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ क्वेटले यांनी मांडले आणि १९७२ मध्ये ॲन्सेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. मात्र वजनातील चरबी किती आणि स्नायू किती, हे त्याला मुळातच विचारता येत नाही. म्हणून पुढचा खटाटोप.

आठवडा ०

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की घरातले कोणतेही साधन चरबी मोजत नाही. मोजपट्टी घेर मोजते, कॅलिपर घडीची जाडी मोजतो, काटा वीजप्रवाहाला होणारा रोध मोजतो, आणि तिन्ही ठिकाणी चरबीचा आकडा हा त्यावरून बांधलेला अंदाज असतो. त्यातही अंदाजावर अंदाज रचलेला असतो. १९७८ मध्ये जॅक्सन आणि पोलॉक यांनी पुरुषांसाठी दिलेली कॅलिपरची सूत्रे घड्यांच्या बेरजेवरून आधी शरीराची घनता काढतात; अमेरिकी नौदलासाठी १९८४ मध्ये हॉजडन आणि बेकेट यांनी बसवलेले मोजपट्टीचे सूत्रही घेरांवरून घनताच काढते. घनतेवरून टक्केवारी काढण्यासाठी बहुधा सिरी यांचे १९६१ मधील समीकरण वापरतात: ४९५ ला घनतेने भागायचे आणि ४५० वजा करायचे. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. घनता १.१ घातली की उत्तर शून्य येते आणि ०.९ घातली की शंभर. म्हणजे शरीरातील सारी चरबी दर घनसेंटिमीटरला ०.९ ग्रॅम आणि चरबी सोडून उरलेले सारे १.१ ग्रॅम, असे हे समीकरण गृहीत धरते. चरबीबाबतचे गृहीतक बरेच पक्के आहे. उरलेल्या शरीराबाबतचे तसे नाही, कारण हाडांचा भक्कमपणा, वय आणि अंगातील पाणी यांनुसार ती घनता माणसागणिक बदलते. त्यामुळे मोजणारा हात अचूक असला तरी एखाद्या व्यक्तीसाठी सूत्र तीन-चार टक्क्यांनी चुकणे यात नवल नाही. माझ्या तीन आकड्यांतील भांडणाचे कारण बरेचसे इथेच उमगले.

काट्याचे गणित वेगळे आहे. चरबीविरहित शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असते आणि त्यात क्षार विरघळलेले असल्याने वीज त्यातून सहज जाते. चरबीतून ती फारशी जात नाही. रोध कमी तर पाणी जास्त, पाणी जास्त तर चरबीविरहित भाग जास्त, आणि उरलेली ती चरबी, असा हा हिशेब. प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्या पायातून उतरतो, म्हणून फक्त पायांखाली धातूच्या पट्ट्या असलेला काटा प्रामुख्याने शरीराचा खालचा भागच तपासतो आणि उरलेल्या धडाबद्दल आपण दिलेल्या वय, उंची व लिंग यांवरून तर्क करतो. हा तर्क किती, ते पाहण्यासाठी मी एकदा माझे वय ६० असल्याचे काट्याला सांगितले आणि लगेच पुन्हा उभा राहिलो. चरबी २.३ टक्क्यांनी वाढली. अर्ध्या मिनिटात एकोणीस वर्षांनी म्हातारा होण्याचा अनुभव मौजेचा होता, पण त्या दिवसापासून काट्यावरील दशांशाबद्दलचा माझा आदर कमी झाला. (हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी असा काटा मुळीच वापरू नये, आणि गरोदरपणातही तो टाळावा.)

आठवडा १

हा आठवडा मी शरीर सोडून स्वतःचा हात मोजण्यात घालवला, आणि सगळ्या वीस आठवड्यांत हाच आठवडा सर्वांत उपयोगी ठरला.

पहिल्या दिवशी एका तासात कंबर दहा वेळा मोजली. सर्वांत लहान माप ९१.० आणि सर्वांत मोठे ९३.१ आले. माझ्या मापांसाठी कंबरेत एक सेंटिमीटर वाढला की सूत्राचे उत्तर ०.७ टक्क्याने वाढते. म्हणजे काहीही न बदलता केवळ पट्टी धरण्याच्या ढिलाईने मी दीड टक्क्याचा चढउतार निर्माण करत होतो. कारणे तीन निघाली. पट्टी पाठीमागे खाली घसरत होती, श्वास कधी आत तर कधी बाहेर असे, आणि आपण मोजमाप घेत आहोत या जाणिवेने पोट नकळत आत जात होते. आरशाला पाठ करून नव्हे तर आरशाकडे कूस करून उभे राहिले म्हणजे पट्टी आडवी आहे की नाही ते दिसते. श्वास सहज सोडून झाल्यावर, पट्टी त्वचेत न रुतवता माप घ्यायचे आणि तीन मापांतील मधले लिहायचे, असे ठरवल्यावर फरक ०.६ सेंटिमीटरवर आला. मानेचे माप कंठमण्याच्या लगेच खाली घ्यायचे असते आणि ते लहान म्हणून दुर्लक्षित राहते. पण सूत्रात कंबरेतून मान वजा होत असल्याने मानेतील एक सेंटिमीटरची चूकही तितकीच महाग पडते.

कॅलिपरने मला अधिक छळले. पुरुषांच्या तीन घड्यांच्या पद्धतीत छाती, पोट आणि मांडी येतात: छातीची घडी काखेची पुढची रेघ व स्तनाग्र यांच्या मध्यावर तिरकी, पोटाची बेंबीच्या उजव्या बाजूस दोन सेंटिमीटरवर उभी, मांडीची जांघेची घडी व गुडघ्याची वाटी यांच्या मध्यावर समोरून उभी. सारी मापे उजव्या बाजूची. माझी पहिली बेरीज ६० मिलिमीटर आली, पण त्याच आठवड्यात ती ५७ पासून ६३ पर्यंत हिंडली. टक्केवारीत हे १८.४ ते २०.० झाले. मांडीला मी त्वचेबरोबर स्नायूही पकडत होतो. पाय सैल सोडून वजन दुसऱ्या पायावर घेतल्यावर ते थांबले. शिवाय कॅलिपरच्या दाबाखाली घडी हळूहळू दबत जाते, त्यामुळे चिमूट न सोडता कॅलिपर लावून एक-दोन सेकंदांत आकडा वाचला नाही तर माप फुकटच बारीक येते. एकाच जागी लागोपाठ तीनदा मोजण्याऐवजी तिन्ही जागांची एक फेरी, मग दुसरी, मग तिसरी, असे केले की दबलेल्या त्वचेला सावरायला वेळ मिळतो. जागा चुकू नये म्हणून मी सुरुवातीला पेनाने ठिपके काढत असे. चांगल्या कॅलिपरची स्प्रिंग दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम इतका दाब सर्व जाड्यांवर सारखा ठेवते. माझा पहिला प्लास्टिकचा कॅलिपर तो ठेवत नव्हता आणि त्याच्या नोंदी मी खोडून टाकल्या.

काट्यावर सात सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी, कोरड्या पायांनी उभा राहिलो: किमान २५.१, कमाल २६.५, सरासरी २५.८. एका सकाळी मुद्दाम अर्धा लिटर पाणी पिऊन लगेच पुन्हा उभा राहिलो, तर आकडा २५.८ वरून २६.२ झाला. पोटातील पाण्याने वजन वाढले, पण पायांतील रोध बदलला नाही, म्हणून काट्याने ते पाणी चरबीच्या खात्यात टाकले. उलट दिवसभर बसून-उभे राहून पायांत द्रव उतरल्यावर संध्याकाळचा आकडा कमी येई, आणि व्यायामानंतर त्वचा तापलेली व रक्तपुरवठा वाढलेला असल्याने आणखी कमी. ज्यांना आनंदच हवा आहे त्यांनी व्यायामानंतर मोजावे.

या आठवड्याअखेर वहीच्या पहिल्या पानावर मी एक नियम लिहिला: काट्यावर सरासरीत एक टक्क्याहून कमी, कंबरेत एक सेंटिमीटरहून कमी आणि घड्यांच्या बेरजेत सहा मिलिमीटरहून कमी बदल झाला, तर तो बदल म्हणून धरायचा नाही.

आठवडे २ ते ८

रोज सकाळी काटा, आठवड्यातून एकदा मोजपट्टी, दोन आठवड्यांतून एकदा कॅलिपर. जेवणात थोडी कपात आणि आठवड्यातून तीन दिवस वजनांचा व्यायाम. सांगण्यासारखे फार घडले नाही. आठव्या आठवड्यात पत्नीनेही नोंदी सुरू केल्या. स्त्रियांसाठी मोजपट्टीचे सूत्र वेगळे आहे. त्यात कंबर सर्वांत निमुळत्या जागी मोजतात आणि नितंबांचा घेरही मिळवतात. तिच्या नोंदींत महिन्याच्या चक्राप्रमाणे पाण्याचा चढउतार इतका स्पष्ट दिसला की तिने लगतच्या आठवड्यांची तुलना सोडून दिली आणि चक्रातील त्याच टप्प्याची मागील महिन्याशी तुलना धरली. तिच्या आकड्याला माझ्या आकड्याशी ताडून पाहण्याचा मोह मी लगेच आवरला, कारण शरीराला जगण्यासाठी लागणारी अत्यावश्यक चरबीच पुरुषांत सुमारे ३ आणि स्त्रियांत सुमारे १२ टक्के धरली जाते.

आठवडा ९: घाबरण्याची नोंद

या आठवड्यात मी पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद केले. पाच दिवसांत वजन ७६.६ वरून ७५.२ वर आले आणि मी खूश झालो, पण त्याच वेळी काट्याने चरबी २४.९ वरून २५.४ वर नेली. हिशेब मांडला तर चरबी दोन्ही वेळा १९.१ किलो, आणि गेलेले सर्व १.४ किलो चरबीविरहित भागातून गेलेले. स्नायू वितळले असे वाटून एक रात्र मी नीट झोपलो नाही.

खरे कारण साधे होते. स्नायू आणि यकृत यांत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे पिष्टमय पदार्थांपासून बनणाऱ्या इंधनाच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा रिता झाला की ते पाणीही जाते आणि काट्याच्या दृष्टीने पाणी म्हणजेच चरबीविरहित शरीर. मोजपट्टी आणि कॅलिपर त्या आठवड्यात जागचे हलले नव्हते. तो तोटा चरबीचा असता तरी एक किलो चरबीमागे साधारण ७,७०० किलोकॅलरी धरून पाच दिवसांत दहा हजारांहून अधिक किलोकॅलरींची तूट लागली असती, आणि तेवढी उपासमार मी खचित केली नव्हती. नेहमीचे जेवण सुरू करताच चार दिवसांत वजन ७६.२ झाले आणि काटा मूळ वाटेवर आला.

आठवडा २०

वजन ७४.६. कंबर ८७, मान ३७.५, मोजपट्टीचे उत्तर १९.४ टक्के. घड्यांची बेरीज ४७, कॅलिपरचे उत्तर १५.४ टक्के. काट्याची आठवड्याची सरासरी २३.१ टक्के. तिघांचे भांडण सुरूच आहे, किंबहुना आता ते साडेसात टक्क्यांच्या पुढे गेले आहे. पण प्रत्येकाला फक्त त्याच्याच जुन्या आकड्याशी ताडून चरबीचे किलो काढले, तर काटा म्हणतो ३.० किलो गेली, मोजपट्टी म्हणते ३.३ आणि कॅलिपर म्हणतो ३.६. एकूण वजन ३.८ किलोने उतरले आहे. चरबी किती आहे यावर ज्यांचे एकमत नाही, त्यांचे ती किती गेली यावर इतके जवळचे मत पडावे, हे मी कागदावर दोनदा तपासून पाहिले. प्रत्येक सूत्र माझ्याबाबत जे चुकीचे गृहीत धरते, ते बहुतांशी पूर्वीही तसेच चुकीचे होते. वजाबाकीत त्याचा बराच भाग गळून जातो. मानेचा अर्धा सेंटिमीटर गेला नसता तर मोजपट्टीने १९.० दाखवले असते, एवढी एक गोष्ट मात्र मला अजून बोचते. बारीक होणाऱ्या मानेबद्दल हे सूत्र दंडच करते.

एक गाठ मात्र सुटायची आहे. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, असा एक सोपा आणि चांगला निकष आहे, आणि पोटातील अवयवांभोवतीच्या चरबीची कल्पना देण्यात तो टक्केवारीपेक्षाही कामाचा वाटतो, कारण कॅलिपर त्वचेखालच्या चरबीपलीकडे पोहोचतच नाही. माझ्या उंचीचा निम्मा आकडा ८६. नौदलाच्या सूत्रासाठी बेंबीवर घेतलेली कंबर ८७ आहे, म्हणजे मी नापास. पण शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने, तीच कंबर ८५ भरते, म्हणजे मी पास. हे दुसरे माप मी पहिल्या दिवसापासून लिहायला हवे होते. एकविसाव्या आठवड्यापासून वहीत त्यासाठी वेगळा रकाना आखला आहे, आणि त्याचीही दहा मापे एका तासात घेऊन माझ्या हाताची चूक आधी काढणार आहे.