पंचवीस टक्क्यांवरचा तंबोरा

दुकान बंद करून घरी यायला मला साडेदहा होतात. जेवण झालं की पुढचा अर्धा तास हेडफोन आणि मी. थंडीत पंखाही बंद, त्यामुळे खोलीत आवाज नावाला नसतो. अशाच एका रात्री आईचा तंबोरा ऐकत होतो. तंबोरा मिरजेचाच, भोपळा पंढरपूरकडचा. रेकॉर्डिंग मीच घरी केलेलं, सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजून प्रत्येक मोजणी (सॅम्पल) २४ बिटांच्या आकड्यात, म्हणजे २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झ. छेडलेल्या तारेचा नाद हळूहळू विरायला हवा, पण शेवटी शेवटी तो विरत नव्हता, वाळू चावल्यासारखा करकरत तुटत होता.

आधी जवारीवर, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या घडणीवर, संशय घेतला, मग माइकवर, मग केबलवर. जुन्या लॅपटॉपवर संशय यायला चार दिवस गेले.

लिनक्समध्ये साउंड कार्डाकडे या क्षणी नेमकं काय जातंय ते एका फाइलमध्ये वाचता येतं. प्रॉक, त्यात एसाउंड, त्यात आपलं कार्ड, आणि आत खोलवर एचडब्ल्यू-पॅराम्स. तंबोरा चालू ठेवून ती उघडली. फॉर्मॅट: एस१६_एलई. रेट: ४८०००. म्हणजे २४ बिटांची फाइल, ३२ बिट घेणारा डॅक (आकड्यांचा आवाज करणारं यंत्र), आणि मधल्या बोळात १६ बिट! रेटचं कोडं लगेच सुटलं: ब्राउझरच्या एका टॅबमध्ये व्हिडिओ चालू होता, आणि कार्ड वापरात असताना पल्सऑडिओ (सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करून कार्डाकडे पाठवणारा लिनक्समधला मधला माणूस) रेट बदलत नाही. टॅब बंद केला, विषय संपला. १६ बिट मात्र तिथेच. पल्सऑडिओचा तो डीफॉल्टच आहे.

तरीही नुसत्या १६ बिटांनी एवढी करकर होणार नाही, सीडी १६ बिटांवरच चालते. खरी गोम व्हॉल्यूममध्ये होती. माझ्या डॅकला स्वतःचा हार्डवेअर व्हॉल्यूम नाही, त्यामुळे स्लायडर खाली ओढला की पल्सऑडिओ सॅम्पलचे आकडेच लहान करतो. त्याचा स्लायडर घनाच्या हिशोबाने चालतो. ५० टक्के म्हणजे अर्धा नव्हे, एक अष्टमांश, म्हणजे उणे १८ डेसिबल. २५ टक्के म्हणजे एक चौसष्टांश, उणे ३६. दर सहा डेसिबलला एक बिट जातो, म्हणजे २५ टक्क्यांवर सहा बिट गेले, १६ पैकी १० उरले. ६५,५३६ पायऱ्यांच्या जागी १,०२४. तंबोऱ्याचं शेपूट मुळातच पूर्ण पातळीच्या ५० डेसिबल खाली असतं. त्याच्या वाट्याला दीड-दोन पायऱ्या येत होत्या. आणि मी काय करत होतो? लॅपटॉप २५ टक्क्यांवर ठेवून हेडफोन अँपचा नॉब जवळजवळ शेवटपर्यंत फिरवत होतो. आधी चुरा करायचा, मग चुरा मोठा करून ऐकायचा.

दुकानदाराला हे लवकर कळायला हवं होतं. बिलात १२.४०, २७.४० आणि ९.४० अशा तीन वस्तू आहेत. प्रत्येक ओळ राउंड ऑफ केली तर ४८ रुपये. बेरीज ४९.२० करून शेवटी एकदाच केली तर ४९. रुपया कुणी चोरला नाही, तो मधल्या मध्ये गोल झाला.

पण मग प्रत्येकच बदल वाईट का? १६ चे ३२ करणंही? हे तोंडी मानायची माझी तयारी नव्हती. एका सीडीवरून काढलेली १६ बिटांची फाइल घेतली, हेडर (फाइलच्या माथ्यावरची माहिती) नको म्हणून रॉ केली, सॉक्स या ऑडिओ बदलणाऱ्या कमांडने ३२ बिट केली, परत १६ वर आणली आणि दोन्हींचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांवरून निघणारा ठसा, काढला. वेगळा! अर्धा तास डोकं धरून बसलो. शेवटी मॅन्युअल उघडलं (जे आधी उघडायचं असतं). १६ बिटांवर उतरवताना सॉक्स आपणहून डिदर घालतो, म्हणजे तळाशी बारीकसा यादृच्छिक आवाज मिसळतो, विरता नाद पायऱ्यांवर करकरू नये म्हणून. तो बंद करायचा पर्याय, उणे कॅपिटल डी, देऊन पुन्हा केलं. चेकसम अक्षर न् अक्षर तोच.

तेव्हा वर जाण्याची भीती सोडा. १६ बिटांखाली १६ शून्यं लावली तर त्यात काही मिळत नाही आणि काही जातही नाही. ३२ बिट फ्लोटमध्ये (दशांश-चिन्ह सरकतं ठेवणाऱ्या आकड्यांत) २४ बिटांचा पूर्णांक जसाच्या तसा बसतो, त्यामुळे तीही वाट निर्धोक. 'बिट-परफेक्ट' (फाइलमधला आकडा न् आकडा जसाच्या तसा डॅकपर्यंत) म्हणून लोक ज्यावरून हमरीतुमरीवर येतात, त्यातलं निम्मं भांडण या निरुपद्रवी शून्यांवरून असतं. नुकसान खाली उतरताना होतं, तेही खालच्या बिटांत खरंच काही असेल तर.

आता रात्री एमपीडी हा गाणी वाजवणारा प्रोग्रॅम वापरतो. कॉन्फिगमध्ये डिव्हाइस म्हणून थेट एचडब्ल्यू आणि कार्डाचा नंबर. प्लगएचडब्ल्यू नको, तो न विचारता फॉर्मॅट बदलून देतो आणि आपण गाफील राहतो. मिक्सर-टाइप 'नन', ऑटो-रिसॅम्पल 'नो', रिप्लेगेन बंद, म्हणजे पातळी किंवा रेट मध्ये कुणी बदलायचा नाही. एचडब्ल्यू-पॅराम्समध्ये आता एस३२_एलई आणि ४४१०० दिसतं. आवाज फक्त अँपच्या नॉबवर. नॉबच्या रात्रीच्या जागेवर दुकानातल्या पांढऱ्या सर्जिकल टेपचा तुकडा चिकटवलाय.

गैरसोय एकच. एमपीडी कार्ड धरून बसला की बाकी सगळं मुकं. मुलाचा ऑनलाइन क्लास एकदा आवाजाविना सुरू झाला आणि घरात माझा उद्धार झाला. म्हणून दिवसा पल्सऑडिओच, फक्त त्याच्या सेटिंगच्या डेमन फाइलमध्ये सॅम्पल-फॉर्मॅट एस३२एलई केलाय. स्लायडर आता २५ टक्क्यांवर ओढला तरी खाली जागा आहे.

परवा मावशीने तंबोऱ्याची सीडी मागितली. तिच्या गाडीत अजून सीडी प्लेअर आहे. २४ वरून १६ वर उतरणं आलंच. या वेळी सॉक्सच्या कमांडमधून कॅपिटल डी खोडला आणि डिदर घालू दिला.