यादीपासून बूथपर्यंत – आमची वाटचाल

इचलकरंजीत आमचं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, यंत्रमागवाल्यांची बिलबुकं आणि इलेक्शन आलं की उमेदवारांची परिचय पत्रकं, एवढंच काम. आज तीच फर्म निवडणुकीचं काम करते, सर्वे, मतदार यादी, बूथची बांधणी, सोशल मीडिया, खर्चाचे हिशेब सगळं. बरेच जण विचारतात की छपाईतून इकडे कसे आलात, आणि जिंकायचं म्हटलं तर नक्की काय करावं लागतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवात २०११ च्या नगरपालिका निवडणुकीत झाली. पत्रकं छापायला आलेले कार्यकर्ते म्हणायचे दादा ही यादी आडनावाप्रमाणे लावून द्या की, गल्लीप्रमाणे द्या की. यादी असते घर क्रमांकाने, त्यात घर क्रमांक बऱ्याचदा नसतोच, एकाच घरातली माणसं तीन पानांवर विखुरलेली, त्यामुळे कार्यकर्त्याला एका घराला तीनदा जावं लागतं. पीडीएफमधली नावं कॉपी केली की फॉन्टमुळे अक्षरं विस्कटायची, मग आम्ही पोरं बसवून नावं टाईप करून घेतली आणि कुटुंबाप्रमाणे लावून दिली. त्या यादीला जेवढी मागणी आली तेवढी फ्लेक्सला कधीच नव्हती. तेव्हाच डोक्यात पक्कं बसलं की उमेदवाराला खरी गरज यादीची आहे, फ्लेक्स तर कुणीही छापून देईल.

२०१४ नंतर तर सगळंच बदललं. चाय पे चर्चा, थ्रीडी सभा, वॉर रूम (म्हणजे प्रचार चालवायची खोली) हे शब्द गावोगाव पोचले आणि प्रत्येक उमेदवाराला वाटायला लागलं की आपल्यालाही असं कायतरी पाहिजे. आम्ही पण शिकलो, डिझाईन, व्हिडिओ, बल्क कॉल, पुढे रील. पण आमचं मत तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे, की सोशल मीडिया उमेदवाराची ओळख करून देतो पण मत बूथवर पडतं आणि त्या बूथच्या यादीत कोण आहे, कोण नाही, कोण मयत आहे, कोण पुण्याला कामाला गेलाय हे ज्याला माहीत तो निम्मी लढाई जिंकलेला असतो.

कुणाला पटत नसेल तर निकाल बघा. २०२४ ला मुंबई उत्तर पश्चिम लोकसभेला रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले, आख्ख्या लोकसभेला ४८. मालेगाव मध्यला त्याच वर्षी विधानसभेचा निकाल १६२ मतांनी लागला. २०१७ च्या मुंबई महापालिकेत एका वॉर्डात दोन उमेदवारांना सारखी मतं पडली आणि शेवटी चिठ्ठी टाकून नगरसेवक ठरला. लोकसभेत ४८ चा फरक पडू शकतो तर आमच्याकडच्या प्रभागात तर दोन कुटुंबांनीच निकाल फिरतो, हे मी प्रत्येक उमेदवाराला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगतो.

चिन्हाचं उदाहरण पण सांगतो. २०२४ च्या साताऱ्याच्या लोकसभेत शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पडले आणि तिथेच यादीत नुसती तुतारी लिहिलेलं ट्रम्पेटचं चिन्ह असलेल्या एका अपक्षाला ३७,०६२ मतं मिळाली. शिंदेंचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. दिंडोरीत तर असंच चिन्ह असलेल्या अपक्षाने लाखाच्या वर मतं घेतली, तिथे पक्षाचा उमेदवार निवडून आला म्हणून चर्चा कमी झाली. यातली किती मतं चुकून गेली ते कुणीच ठामपणे सांगू शकत नाही, पण तेव्हापासून आम्ही चिन्ह मिळालं की त्याच रात्री नमुना मतपत्रिका तयार ठेवतो, आणि म्हाताऱ्या माणसांच्या हातात ती देऊन बोट ठेवून दाखवायला लावतो. नुसतं "आमचं चिन्ह लक्षात ठेवा" म्हणून चालत नाही, कितव्या नंबरला आहे, शेजारी दिसायला सारखं कुठलं चिन्ह आहे, ते पण सांगावं लागतं.

मधला काळ फार अवघड गेला. २०१६ ला नगराध्यक्ष थेट मतदारांतून निवडले गेले, आमचं काम वाढलं, माणसं घेतली, आणि मग ओबीसी आरक्षणाचा विषय सुप्रीम कोर्टात गेला आणि निवडणुकाच थांबल्या. कोल्हापूर महापालिकेवर २०२० च्या शेवटापासून प्रशासक, आमची इचलकरंजी २०२२ ला महापालिका झाली ती प्रशासकासकटच. नगरसेवक नाही, झेडपी सदस्य नाही. आमच्यासारख्या छोट्या फर्मचं सगळं पोट याच निवडणुकांवर. त्या काळात आम्ही परत छपाईकडे वळलो, ग्रामपंचायती केल्या, आमदारांचे कार्य अहवाल केले, बँका आणि सोसायट्यांच्या निवडणुका केल्या, पण पोरांना सोडलं नाही. यादी वाचणारा माणूस तयार व्हायला दोन निवडणुका जातात, तो सोडला की परत मिळत नाही.

त्या रिकाम्या काळात एक फायदा झाला, नियमांचा नीट अभ्यास झाला. लोक प्रचाराला स्ट्रॅटेजी म्हणतात पण कागदपत्रं हीसुद्धा स्ट्रॅटेजीच आहे. राखीव जागेवर निवडून आलेल्याने जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर पद जातं, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ही मुदत बंधनकारक ठरवली तेव्हा कोल्हापूर महापालिकेतल्या नगरसेवकांवर ती वेळ आली. निवडून येऊन घरी बसायचं. तसंच खर्चाचं. वेगळं बँक खातं, रोजच्या नोंदी, निकालानंतर ३० दिवसांत हिशेब, आणि पत्रकावर मुद्रक प्रकाशकाचं नाव आणि प्रतींची संख्या. आम्ही मूळचे छापखान्यातले त्यामुळे हे आम्हाला आधीपासून पाठ होतं. आमच्या प्रत्येक उमेदवाराला एक हिशेबाचा माणूस आम्ही देतोच, त्याने नको म्हटलं तरी देतो.

मग २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्यायचा आदेश दिला आणि एकदम सगळंच अंगावर आलं. डिसेंबरात नगरपालिका, १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिका एकाच दिवशी. पहिलं काम यादीचं. राज्य निवडणूक आयोग स्वतः नावं घालत नाही काढत नाही, विधानसभेची १ जुलै २०२५ ची यादी घेऊन प्रभागाप्रमाणे फोडतो, म्हणजे गडबड व्हायची ती त्या फोडण्यात होते, गल्लीच्या गल्ली शेजारच्या प्रभागात जाते. प्रारूप यादीवर हरकतीची मुदत थोडी असते, तेवढ्यात पकडलं तर पकडलं. आम्ही गावभाग, शहापूर, जवाहरनगर अशी माणसं वाटून दिली, त्यांनी हातात यादी घेऊन गल्ल्या फिरून तपासल्या. पुढे दुबार म्हणजे यादीत दोनदा आलेल्या नावांपुढे डबल स्टार (दोन चांदण्यांची खूण) आले, त्या मतदारांना कुठल्या केंद्रावर मत देणार ते आधी लिहून द्यायला सांगितलं, नाहीतर ऐनवेळी केंद्रावर हमीपत्र भरा आणि रांगेत वाद घाला.

चार सदस्यांचा प्रभाग हे वेगळंच शास्त्र आहे, त्यावर थोडं जास्त लिहितो. मतदाराला अ ब क ड अशी चार मतं द्यायची असतात आणि चारही झाल्याशिवाय मशीनचा बीप वाजत नाही. बऱ्याच जणांना वाटतं एक बटण दाबलं की झालं. त्यामुळे डमी मशीन घेऊन कॉर्नर सभा घेणं हे भाषणापेक्षा उपयोगाचं. पण खरी अडचण पॅनेलच्या, म्हणजे एकत्र लढणाऱ्या चार उमेदवारांच्या, आतच असते. चौघांपैकी एकजण हळूच घरोघरी सांगतो की वरचं काय ते तुमचं तुम्ही बघा, माझं तेवढं करा. असं एकाने सुरू केलं की दोन दिवसांत चौघेही तेच करतात आणि पॅनेल फुटतं. म्हणून आम्ही काम घेताना चौघांना एकत्र बसवतो, पत्रक एक, रिक्षा एक, गल्ल्यांचं वेळापत्रक एक, आणि बूथचे कार्यकर्ते उमेदवाराचे नाही तर पॅनेलचे. जिथे चौघे बसायला तयार नाहीत तिथे आम्ही काम घेतलं नाही, कारण तिथे कितीही पैसे घातले तरी उपयोग होत नाही हे आम्हाला दिसत होतं.

इचलकरंजीत अजून एक गोष्ट, वेळ. यंत्रमागावर बारा बारा तासांची पाळी, सकाळी दहाला घरी गेलं तर एक तर दार बंद नाहीतर माणूस रात्रपाळी करून झोपलेला. त्याला उठवून पत्रक दिलं तर मत जाणारच. मग पाळी बदलायच्या वेळी चहाच्या गाड्यावर भेटायचं, आणि दुपारी घरी बायकांना भेटायला महिला कार्यकर्त्या. २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत, तरी अजून कितीतरी ठिकाणी प्रचार नवरा करतो आणि उमेदवार मागे हात जोडून उभी असते. आम्ही याच्या पूर्ण विरोधात आहोत. उमेदवार ताईंनीच बोलायचं, पाण्याचं, गटाराचं, रेशनचं त्यांना जास्त माहीत असतं, आणि ऐकणाऱ्या बायका त्यांच्याशीच मोकळं बोलतात. यावेळी मतदानाच्या आदल्या दिवशीच संक्रांत होती, हळदीकुंकवाला जाणं आणि बोलणं ठीक, पण उमेदवाराच्या नावाने वाण वाटायचं नाही हे आम्ही सगळ्यांना बजावून सांगितलं होतं.

मतदानाच्या दिवशी आमच्याकडे रील बनवणारी पोरं पण बूथच्या कामाला असतात. टेबलावर मोबाईल, छोटा स्लिप प्रिंटर, नाव टाकलं की अनुक्रमांक आणि केंद्राची चिठ्ठी बाहेर. मतदानाचा आकडा दर दोन तासांनी जाहीर होतो, आम्ही त्याच्या आधी आमच्या यादीवर खुणा करतो. आपले, समोरचे आणि काठावरचे अशी यादी आधीच तयार असते, दीड वाजता बघायचं की आपल्यातले कोण अजून आले नाहीत आणि फक्त त्यांच्याकडेच माणूस पाठवायचा. दुपारनंतर सगळ्या गावाला फोन करत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

काही कामं आम्ही करत नाही, ते स्पष्टच सांगतो. समोरच्याच्या घरच्यांवर व्हिडिओ, जातीवरून मेसेज, एडिट केलेली भाषणं, नाही. मोबाईल नंबरांच्या विकत मिळणाऱ्या याद्या घेत नाही, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे म्हणून तर आहेच पण ज्या माणसाने नंबर दिलेला नाही त्याला दिवसात चार कॉल गेले की तो उमेदवाराचं नाव काढलं तरी चिडतो. आणि पाकिटं वाटायचं नियोजन कुणी मागितलं तर दुसरीकडे जा म्हणतो. यामुळे कामं गेली आहेत, मोठी कामं गेली आहेत. पण जे उमेदवार परत परत येतात ते याच कारणासाठी येतात, त्यांना रात्री झोप लागते.

आता निवडणूक झाली म्हणजे सुट्टी असं आमच्याकडे नाही. नवीन मतदाराची पात्रता आता वर्षातून चार तारखांना मोजतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, आणि सतरा पूर्ण झालेल्या पोरांना आधीच अर्ज करता येतो. निवडून आलेले असोत की पडलेले, आमच्या सगळ्या क्लायंटच्या ऑफिसात आम्ही नवीन नाव नोंदवायला फॉर्म ६ आणि पत्ता बदललेल्यांसाठी फॉर्म ८ चं टेबल लावायला सांगितलंय. सध्या टीम कॉलेजांमधून फिरतेय.