डावी प्रदक्षिणा

अमेरिकेत लेकीकडे मॅडिसनला आले की शनिवारचा बाजार मी चुकवत नाही. विस्कॉन्सिन राज्याच्या विधानभवनाभोवतीच्या चौकात १९७२ पासून तो भरतोय. मधोमध ग्रॅनाइटचा पांढरा घुमट, चारी बाजूंनी शेतकऱ्यांची टेबलं. शतावरीच्या जुड्या, मध, दाताखाली चुईचुई वाजणारं ताजं चीज. दुपारी दीडच्या सुमारास आवराआवर सुरू होते, तेव्हा भाव करायला हात शिवशिवतात. इथे तशी पद्धत नाही.

पण मला खुपतं ते वेगळंच. ही सगळी गर्दी उलटी फिरते. घुमट डाव्या हाताला ठेवून! शिट्टी नाही, पोलीस नाही, तरी झाडून सगळे तसेच. बाबागाड्यासुद्धा.

आमच्या गावी शंकराच्या देवळात आजी पन्हळ ओलांडू द्यायची नाही. तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं परत फिरायचं. देवळामागे तिची नजर पोचत नसे. तिथे आम्ही पोरं पन्हळीवरून टुणकन उडी मारायचो आणि समोरून, जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं, उगवायचो. ओले पाय बघून ती एवढंच म्हणायची, “घातलेल्या सगळ्या फुकट गेल्या हो!” आता म्हणाल तर शंकराची अर्धी वाट उलटीच असते. तेवढ्या आधारावर मी इथे निम्मा चौक लोकांबरोबर चालते. पुढे पाय आपोआप वळतात. समोरून येणारे “सॉरी, सॉरी” म्हणत वाट देतात आणि लेक चार पावलं लांबून चालते.

कळसावर सोन्याचा मुलामा दिलेली बाई उभी आहे. वॉशिंग्टनचा तो बसलेला लिंकन घडवणाऱ्या डॅनियल चेस्टर फ्रेंचनंच ती केली. आपल्याकडे देवाच्या डोक्यावर नाग असतो, हिच्या शिरस्त्राणावर बॅजर नावाचा प्राणी बसलाय. आधीची इमारत १९०४ साली जळाली, तीही विमा नुकताच बंद केल्यावर. सरकारं सगळीकडची सारखीच. आता मैलभरात कुणी या घुमटाखालच्या खांबांच्या तळापेक्षा उंच बांधायचं नाही, असा कायदा आहे. देवळाच्या कळसाहून घर उंच नको म्हणणारी आजी इथे आमदार शोभली असती.

चौकाच्या एका तोंडाशी हान्स हेग पुतळा होऊन उभा आहे. नॉर्वेहून लहानपणी आलेला, गुलामगिरीच्या विरोधात लढता लढता १८६३ मध्ये मेलेला. २०२० च्या जूनमध्ये वर्णभेदाविरुद्धच्या आंदोलकांनी त्यालाच पाडलं आणि तळ्यात टाकलं. पुढच्या वर्षी तो दुरुस्त होऊन परत आला. असे पुतळे उभारून हे शहर स्वतःला फार पुरोगामी समजतं, असं आंदोलकांपैकी काहींचं म्हणणं होतं. मला ते पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

२०२४ मध्ये आवारात वेल फिलिप्स आल्या. १९५६ साली मिल्वॉकीच्या नगरपरिषदेवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या कृष्णवर्णीय. या विधानभवनाच्या आवारात त्याआधी कृष्णवर्णीय बाईचा पुतळा नव्हता, असं मी नातवाला ऐटीत सांगितलं.

“का नव्हता?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, “आईला विचार.”