पादुआची बाग आणि तिची भिंत

सोळाव्या शतकात इटलीतल्या पादुआ विद्यापीठात वैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्याला, ग्रंथात वर्णिलेली मुळी आणि औषधे विकणाऱ्याने हातावर ठेवलेली मुळी एकच आहे की नाही, हे ठरवणे अवघड होते, कारण ते झाड जमिनीत उभे असलेले त्याने बहुधा पाहिलेलेच नसे. भेसळ होई, चुकीचा पालाही दिला जाई, आणि त्याची किंमत रोग्याला मोजावी लागे. म्हणून औषधी वनस्पतींचे प्राध्यापक फ्रांचेस्को बोनाफेदे यांनी जिवंत झाडांच्या संग्रहाचा, म्हणजे बागेचा, आग्रह धरला आणि तेव्हा पादुआवर सत्ता असलेल्या व्हेनिसच्या सिनेटने १५४५ मध्ये तो मान्य केला. पिसाचे उद्यान याच्या किंचित आधीचे आहे. परंतु त्याची जागा पुढे दोनदा बदलली, त्यामुळे मूळ जागीच टिकलेले सर्वांत जुने विद्यापीठीय उद्यान म्हणून पादुआचेच नाव घेतले जाते. १९९७ मध्ये ते जागतिक वारसास्थळ झाले.

मला स्वतःला या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते ती भिंत. औषधी झाडांना मोल होते, त्यामुळे रात्री चोऱ्या होत. दंड, कैद आणि हद्दपारी यांचा धाकही पुरेना, तेव्हा १५५२ मध्ये वाफ्यांभोवती वर्तुळाकार भिंत घालण्यात आली. आज जिच्या देखणेपणाचे कौतुक होते, ती मुळात चोरांसाठी बांधलेली आहे.

संग्रहातले सर्वांत जुने झाड म्हणजे १५८५ मध्ये लावलेला भूमध्यसागरी ताड. १७८६ मध्ये जर्मन कवी गटे येथे आला, तेव्हा या ताडाची कोवळी पाने भाल्यासारखी अखंड असतात आणि पुढची पाने क्रमाक्रमाने चिरत जाऊन पंख्यासारखी पसरतात, हे त्याने बारकाईने पाहिले, आणि माळ्याकडून त्या सर्व अवस्थांची पाने कापून घेतली. झाडाचे निरनिराळे अवयव हे एका पानाचीच रूपांतरे आहेत, हा विचार त्याने १७९० च्या निबंधात मांडला. झाडाला आज ‘गटेचा ताड’ म्हणतात. दोनशे वर्षे आधी ते लावणाऱ्याचे नाव मात्र त्याला मिळाले नाही.

२०१४ मध्ये जुन्या बागेशेजारी निरनिराळ्या हवामानांतील वनस्पतींची मोठी काचघरे उघडली. माझे मन मात्र जुन्या भागातल्या गिंकोपाशीच रेंगाळते. १७५० च्या सुमारास लावलेले हे झाड नर आहे; या जातीत नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. पुढे त्यावर मादी फांदीचे कलम बांधण्यात आले. झाडांची ओळख चुकू नये म्हणून उभारलेल्या बागेत, कुणी सांगितले नाही तर पाहणाऱ्याला हमखास चकवणारे झाड ते हेच.